अद्भुताला दाखला कशाला?

मराठवाड्यातल्या साहित्यचर्चांत एक मत मोठ्या ठामपणे मांडले जाते. राजे, मठाधिपती, कारस्थाने आणि जादू यांनी भरलेली, नकाशासकट नवे जग रचणारी जाडजूड अद्भुत कादंबरी हा विलायती प्रकार आहे, आपल्या मातीतला नव्हे. इथल्या लेखकाने दुष्काळ लिहावा, कर्ज लिहावे, जात लिहावी. मांत्रिकांच्या आणि उडत्या राक्षसांच्या मागे लागणे ही पळवाट झाली. शिवाय जादूटोण्याविरुद्ध कायदा झालेल्या राज्यात जादू रंगवणे प्रतिगामी, आणि धर्माला हात घालणे तर अंगाशी येणारे. या मतातले प्रत्येक वाक्य ऐकायला जबाबदार वाटते. तपासायला घेतले की एकही टिकत नाही.

पहिला आक्षेप मातीचा, म्हणून आधी मातीच पाहू. जगातल्या सर्वांत मोठ्या अद्भुत कथाग्रंथांपैकी एक, ‘बृहत्कथा’, परंपरेने गोदाकाठच्या पैठणशी जोडलेला आहे. तो मूळ रूपात हरवला. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त त्याच्या जन्माची हकीकत आहे. गुणाढ्य हा सातवाहन राजाचा मंत्री. राणीसमोर राजाचे संस्कृतचे अज्ञान उघडे पडते आणि दरबारात पैज लागते. गुणाढ्य म्हणतो, व्याकरण शिकवायला सहा वर्षे लागतील. प्रतिस्पर्धी शर्ववर्मा म्हणतो, सहा महिने पुरेत. तो देवाच्या कृपेने नवे व्याकरण मिळवतो आणि जिंकतो. हरलेला गुणाढ्य पैजेप्रमाणे संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडून विंध्याच्या अरण्यात जातो, पैशाची शिकतो आणि सात लाख श्लोक स्वतःच्या रक्ताने लिहितो. राजा तो ग्रंथ झिडकारतो. मग गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकतो. राजाला पश्चात्ताप होऊन तो धावत येतो तोवर एकच लाख श्लोक उरलेले असतात. दरबारी स्पर्धा, दैवी साहाय्य, भाषेची सत्ता आणि शाप एवढे सगळे या एका कथेत आहे. तीच गोदावरी पुढे नांदेडला येते. ज्या नदीच्या काठी ही हकीकत घडली असे परंपरा मानते, त्या काठावर बसून अद्भुत कादंबरी विलायती आहे म्हणणे हे केवळ विस्मरण आहे.

माहूरला या. नांदेड जिल्ह्यातले हे गाव रेणुकेचे आणि दत्तात्रेयाचे. महानुभाव परंपरा सांगते की फलटणचे चांगदेव राऊळ माहूरला आले असता श्रीदत्तात्रेयांनी व्याघ्ररूपात त्यांच्या मस्तकावर पंजा ठेवला आणि शक्तिसंचार झाला. पुढे हेच चांगदेव राऊळ देह सोडून भडोचच्या प्रधानपुत्राच्या, हरिपाळदेवाच्या, मृत देहात प्रवेश करतात. तो प्रधानपुत्र द्यूतात रमतो, मग रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने घर सोडतो, ऋद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंना भेटतो आणि चक्रधर होतो. समोर देवगिरीचे यादव राज्य आहे आणि त्या राज्याचा धर्मशास्त्री मंत्री हेमाद्री आहे. चक्रधरांच्या विरोधात कोण उभे राहिले, याविषयी पंथाची स्वतःची आठवण आहे आणि तिच्यात हेमाद्रीचे नाव ठळक आहे. नंतरच्या काळात पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. विसाव्या शतकापर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना ते वाचता येत नव्हते. भाविकाच्या दृष्टीने हे सगळे श्रद्धेचे सत्य आहे आणि त्या श्रद्धेवर मला बोट ठेवायचे नाही. मुद्दा साहित्याचा आहे. राजसत्ता, बंडखोर पंथ, परकायाप्रवेश आणि गुप्त लिपी एकत्र नांदू शकतात, हे मराठी गद्याच्या पहिल्याच मोठ्या ग्रंथाभोवतीच्या परंपरेने आपल्याला दाखवून दिले आहे. तो ग्रंथ ‘लीळाचरित्र’.

आता खुद्द नांदेड. 1707 साली औरंगजेब गेला आणि मुलांमध्ये गादीसाठी युद्ध झाले. विजयी बहादूरशहा दुसऱ्या भावाच्या, कामबक्षाच्या, पारिपत्यासाठी दक्षिणेत उतरला. त्या काळात गुरू गोविंदसिंगजी नांदेडला आले. गोदाकाठी माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता आणि त्याच्या मंत्रशक्तीची ख्याती होती. शीख परंपरेतल्या कथेनुसार त्याने ती शक्ती गुरूंवर चालवून पाहिली. ती चालली नाही आणि तो शरण आला. तोच बंदासिंग बहादूर. गुरूंची आज्ञा घेऊन तो पंजाबात गेला आणि 1710 मध्ये त्याने सरहिंदच्या वझीरखानाचा पाडाव केला. इकडे नांदेडला गुरूंवर पठाणाचा वार झाला आणि ऑक्टोबर 1708 मध्ये ते निवर्तले. त्याआधी त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथालाच गुरुपद दिले. सत्तेचा वारसा रक्ताकडे न देता ग्रंथाकडे देणे ही केवढी मोठी राजकीय आणि धार्मिक कल्पना आहे! ती आपल्या गावात प्रत्यक्षात आली. आणि आपण म्हणतो, असले विषय इथले नव्हेत.

कोणी म्हणेल, हे सगळे धर्मग्रंथांतले आणि परंपरेतले झाले; केवळ कथा म्हणून रचलेले अद्भुत इथे कुठे होते? होते, आणि तेही दख्खनच्या बोलीत. 1635 साली गोवळकोंड्याच्या दरबारात मुल्ला वजहीने दख्खनी गद्यात ‘सबरस’ लिहिले. फारसी कथेवर बेतलेल्या या रूपकात अक्ल राजा आहे, त्याचा पुत्र दिल तन नावाच्या नगराचा कारभार पाहतो, नजर नावाचा हेर अमृतजलाच्या शोधात निघतो, आणि शेवटी अक्ल व इश्क या दोन राज्यांत युद्ध जुंपते. कंधार, उदगीर, औसा हे आपले किल्ले याच दख्खनी सत्तांच्या हातांतून फिरत होते. आपल्या जुन्या वस्त्यांत अजून कानी पडणारी दख्खनी ही या वारशाची भाषा आहे. मराठीतून लिहिणाऱ्याने तो वारसा परका मानायचे काहीच कारण नाही.

तेव्हा माती या प्रकाराला नकार देत नाही. नकार देतो तो अलीकडचा, फार तर सव्वाशे वर्षांचा एक साहित्यिक शिष्टाचार. मराठी कादंबरीच्या आरंभी अद्भुताचाच बोलबाला होता. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची. हिंदीत तिलिस्म आणि ऐयारांचे युग सुरू करणारी देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ 1888 ची, म्हणजे सत्तावीस वर्षांनी मागून आलेली. 1913 मध्ये नाथमाधवांची ‘वीरधवल’ आली आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. विरोधकांचा सर्वांत सबळ मुद्दा इथे येतो, आणि तो मान्य करायला हवा. त्या जुन्या अद्भुत कादंबऱ्यांत माणसे पुठ्ठ्याची होती. नायक सद्गुणी, खलनायक काळाकुट्ट, मध्ये संकटांची माळ आणि शेवटी लग्न. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहून कादंबरीला घरातल्या बाईच्या दुःखापर्यंत आणले, ही मोठी मजल होती. पण हरिभाऊंनी वाईट कादंबरी मागे टाकली, अद्भुताचा प्रकार नव्हे. शिवाय पुठ्ठ्याची माणसे वास्तववादी कादंबरीतही भरपूर सापडतात. त्यांच्यामुळे कोणी वास्तववाद निकालात काढत नाही. अद्भुतालाच वेगळा न्याय का?

आणि हा न्यायही सगळ्या अद्भुताला सारखा लावला जात नाही. 1974 चे ज्ञानपीठ मराठीला पहिल्यांदा मिळाले ते वि. स. खांडेकरांना, आणि त्या सन्मानामागे ‘ययाती’ ही कादंबरी उभी होती. तिच्यात काय आहे? मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या आहे, देवदानवांचे राजकारण आहे, ऋषीचा शाप आहे, आणि बापाचे म्हातारपण मुलाच्या अंगावर चढवण्याचा व्यवहार आहे. हे सगळे अद्भुताच्या फळीवर शोभणारे आहे. आपण तिला जीवनचिंतन म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. मात्र तोच व्यवहार एखाद्या नव्या लेखकाने स्वतः रचलेल्या राज्यात, स्वतः नाव दिलेल्या राजाच्या घरात घडवला, की त्याला ‘पोरखेळ’ म्हणून बालसाहित्याच्या रांगेत बसवले जाते. म्हणजे आपल्याला अद्भुत चालते; फक्त त्याच्याजवळ पुराणाचा किंवा इतिहासाचा दाखला हवा. तहसील कार्यालयाच्या खिडकीवर जशी कागदपत्रे मागतात, तशी आपली समीक्षा कल्पनेकडे वंशावळ मागते.

या दाखल्याच्या हट्टाची किंमत आपण ऐतिहासिक कादंबरीत मोजली आहे. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘छावा’ या कादंबऱ्यांनी मराठी वाचक घडवला यात शंका नाही. पण त्यांतले संवाद, एकांतातले प्रसंग, मनातले कल्लोळ लेखकाच्या कल्पनेचे आहेत, ही जाणीव वाचकाच्या मनातून हळूहळू पुसली गेली आणि कादंबरी पुरावा म्हणून पुढे केली जाऊ लागली. ‘श्रीमान योगी’ला नांदेडच्या नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे. तिच्यात ते राज्यकर्ता शिवाजी तर्काने उलगडतात. प्रस्तावना आणि कादंबरी एकापाठोपाठ वाचली की चिकित्सा आणि कल्पना यांची कामे किती वेगळी आहेत ते समजते. हा भेद आपण विसरलो. 2025 च्या फेब्रुवारीत ‘छावा’वर बेतलेला चित्रपट आला. शिर्के घराण्याच्या वंशजांनी पूर्वजांच्या चित्रणाला आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. मार्चमध्ये तर चित्रपट पाहून बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याची शेते लोकांनी मोगलांच्या सोन्यासाठी रात्री खणून काढली. टोल्कीनची अंगठी शोधायला कोणी कुदळ घेऊन निघाल्याचे ऐकिवात नाही. मुग्धा कर्णिक यांनी ती कथा ‘स्वामी मुद्रिकांचा’ म्हणून मराठीत आणली, तरीही नाही. कारण त्या पुस्तकाने पहिल्या पानापासून सांगितलेले असते की हे राज्य मी रचलेले आहे. आपली कल्पना कल्पनाच असल्याचे उघड कबूल करणारा हा प्रकार वाचकाशी अधिक प्रामाणिक असतो. इतिहासाचे कपडे घालून आलेली कल्पना ती प्रामाणिकता विसरायला लावते.

आता पळवाटेचा आरोप. लातूर तालुक्यातल्या काटगावचे रा. रं. बोराडे यांचा ‘पाचोळा’ आणि धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचा ‘उचल्या’ ही या भागाची शान आहे. त्या पुस्तकांना जे सांगायचे होते ते वास्तवाच्या वाटेनेच सांगता आले असते. ‘उचल्या’तले सत्य जगलेल्या माणसाने स्वतःच्या नावानिशी सांगण्याचेच होते. पण एका वाटेने सगळी गावे गाठता येत नाहीत. 2016 च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. वास्तववादी कादंबरी त्या गाडीच्या टाकीपाशी घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला दाखवील, उत्तम दाखवील. परंतु त्या टंचाईची घडण चार-पाच दशकांची आहे. धरण कोणासाठी बांधले, पाट कोणाच्या शेतात वळला, ऊस कोणी लावला, कारखान्याच्या राजकारणातून कोण मोठे झाले आणि त्या मोठेपणाला कोणत्या सप्ताहात आशीर्वाद मिळाला, ही साखळी एका कुटुंबाच्या कथेत मावत नाही. मग ती कथेत दैव होऊन येते: पाऊस पडला नाही, शेतकरी खचला. तीन पिढ्यांचा, दोन राज्यांचा आणि एका मठाचा पट मांडणारी महाकादंबरी त्या दैवाचे कर्ते दाखवू शकते. पाण्यावर हुकमत असलेला राजवंश, ती हुकमत दैवी आहे असे सांगणारे पुरोहित आणि विहिरीची विद्या लपवून ठेवणारी एखादी जमात यांचे राज्य रचून पाहा. लातूरचा वाचक दुसऱ्या प्रकरणात ते ओळखील.

सत्ता आणि धर्म यांची सांगड काय करते हे या भागाला कोणत्याही विलायती पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. निजामी राजवटीतल्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करत होता. त्याच्या विरोधातल्या लढ्याचे नेतृत्व स्वामी रामानंद तीर्थ या संन्याशाकडे होते. वकील धर्माच्या नावाने फौज उभारतो आणि भगवी वस्त्रे घातलेला संन्यासी सर्वधर्मीय नागरिकत्वासाठी तुरुंगात जातो, अशी मांडणी कोणी कादंबरीत केली असती तर समीक्षक म्हणाले असते, फारच जुळवून आणले आहे. 17 सप्टेंबरला आपण दरवर्षी मुक्तिदिनाचा झेंडा फडकावतो. पण ही उलटापालट समजून घेण्यासाठी भाषणापेक्षा मोठे रूप हवे असते. वंश, पंथ, फितुरी, निष्ठा आणि भीती यांना एकत्र तोलणारे रूप म्हणजे हीच कादंबरी.

जादूचा आक्षेप जास्त गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो मांडणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो कायदा कोणाविरुद्ध आहे? अंगात अलौकिक शक्ती असल्याचा दावा करून माणसांना लुबाडणाऱ्या, छळणाऱ्या, त्यांचा जीव घेणाऱ्यांविरुद्ध. कादंबरी असा कोणताच दावा करत नाही. भोंदू बाबाची जादू भक्ताकडून किंमत वसूल करते आणि बाबाला काहीच मोजावे लागत नाही. चांगल्या अद्भुत कादंबरीत याच्या उलट घडते: जो जादू वापरतो त्यालाच तिची किंमत चुकवावी लागते, आणि तिचे नियम लेखकालाही मोडता येत नाहीत. अशा नियमांच्या जगात वाढलेला वाचक खऱ्या जगातल्या चमत्काराला अधिक खोचक प्रश्न विचारतो. याचे नियम काय? किंमत कोण देतो? फायदा कोणाचा? इतकेच नव्हे, तर चमत्कार तयार कसा होतो, त्याची बातमी दरबारात कोण पोहोचवतो आणि तिचे फर्मान कसे बनते, हे दाखवायला या प्रकाराइतकी मोकळी जागा दुसरीकडे नाही. गुणाढ्याच्या पैजेत देवाची कृपा जिंकणाऱ्याच्या पारड्यात पडली. इतिहासात ती बहुधा तिथेच पडत आली आहे. विवेकवाद्यांनी या प्रकाराला मित्र मानायला हवे.

राहिला धर्म आणि दुखावणाऱ्या भावना. ही भीती खोटी नाही. जिवंत श्रद्धास्थानांना कथेत ओढणे अनेकदा अन्यायाचे असते, कधी धोक्याचेही. पण यातून निघणारा निष्कर्ष विरोधकांच्या नेमका विरुद्ध आहे. कॅनडाचे गाय गॅव्हरिएल के यांनी 1995 मध्ये ‘द लायन्स ऑफ अल-रसान’ लिहिली. मध्ययुगीन स्पेनमधला ख्रिस्ती, मुस्लिम आणि ज्यू यांचा संघर्ष त्यांना मांडायचा होता. त्यांनी सूर्य, तारे आणि चंद्र यांना मानणारे तीन धर्म कल्पिले, राज्ये नवी रचली आणि जादू जवळजवळ ठेवलीच नाही. वाचक कोणाच्याच बाजूने आधीपासून उभा नसतो, म्हणून तिघांचेही दुःख त्याच्यापर्यंत पोहोचते. नांदेडमध्ये गुरुद्वारा आहे, दर्गे आहेत, बौद्ध विहारे आहेत, जिल्ह्यातच माहूरचे शक्तिपीठ आहे. इतक्या श्रद्धा शेजारी नांदत असताना त्यांच्यातल्या प्रेमाविषयी आणि तेढीविषयी सभ्यपणे लिहायचे असेल, तर कल्पित धर्माहून अधिक अदबशीर मार्ग मला दिसत नाही. खऱ्या संतांना, गुरूंना, पीरांना हात न लावता सत्ता आणि श्रद्धा यांच्या व्यवहाराची चिकित्सा तिथे करता येते.

मराठीची प्रकृतीच या प्रकाराला मानवत नाही, असेही म्हणून पाहतात. धारवाडला बसून जी. ए. कुलकर्णींनी ‘इस्किलार’ आणि ‘प्रवासी’ लिहिल्या. त्यांतल्या भूमी कोणत्याच नकाशावर नाहीत आणि मराठी वाचक त्यांत कधीचा राहायला गेला आहे. 2021 च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद विज्ञानकथा लिहिणाऱ्या जयंत नारळीकरांकडे होते. त्यापुढचे, 2022 चे संमेलन लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला भरले. त्याचे अध्यक्ष भारत सासणे होते आणि गूढ व अद्भुत हाच त्यांच्या कथेचा ओळखीचा प्रदेश आहे. मराठीने दोन वर्षे लागोपाठ वास्तवाच्या कुंपणापलीकडच्या लेखकांना सर्वोच्च मान दिला, त्यांपैकी एकदा आपल्याच अंगणात. कथेला दिलेली ही मुभा महाकादंबरीला का नको?

एक गोष्ट मात्र अद्भुत लिहू पाहणाऱ्या तरुणांना सांगायलाच हवी. विरोधकांना बळ मिळते ते नक्कल करणाऱ्यांमुळे. बर्फाळ उत्तर, चार पदरी तटबंदी, टोकदार कानांचे लोक आणि इंग्रजी वळणाची नावे उचलून आणली की ‘विलायती’ हा शेरा कमावलेलाच असतो. कंधारचा किल्ला पाहा, त्याचा खंदक पाहा. शेजारी सापडलेले क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे अवशेष पाहा. एवढा देव कोणी, कशासाठी उभारला आणि तो कोसळला तेव्हा लोकांना काय वाटले असेल, याचा विचार करा. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे, म्हणजे आपल्या लातूरचे स्वामी म्हणवून घेत आणि राज्य दुसरीकडून करत. मूळ गावाचे नाव राजघराणे पिढ्यान्‌पिढ्या बिरुदात का मिरवते, एवढ्या प्रश्नावर कादंबरीचा पहिला खंड उभा राहील. माहूरच्या गोंधळ्यांची रात्रभर चालणारी आख्याने ऐका. शंभर पात्रांची कथा न विस्कटता कशी सांगायची हे त्यांना ठाऊक आहे.

आणि समीक्षकांना, परीक्षकांना, दिवाळी अंकांच्या संपादकांना एक विनंती. अशी संहिता हाती आली की तिला माणसांबद्दल विचारा, तिच्या जगाच्या नियमांबद्दल विचारा, तिच्या भाषेबद्दल विचारा. या तिन्ही कसोट्यांवर ती पडली तर खुशाल परत करा. पण पुराणाचा किंवा इतिहासाचा दाखला मागू नका. ज्यांना हे पटत नाही त्यांनी प्रतिवाद अवश्य करावा. त्याआधी फक्त एवढ्याचे उत्तर द्यावे: शाप, संजीवनी आणि विकत घेतलेले तारुण्य असलेली ‘ययाती’ मराठीचा गौरव ठरते, तर कंधारच्या तटावरून सुचलेले एक नवे राज्य मराठीबाहेरचे कसे ठरते?